फटफटीतल्या फटी

मोटारसायकलला आपल्याकडे पूर्वी सर्रास फटफटी म्हणत असत. हे नाव तिच्या आवाजावरून पडले हे उघडच आहे. पण दुसऱ्या एका अर्थानेही हे नाव तिला शोभते. तिच्या अंगात जागोजागी फटी असतात. काही फटी केसाएवढ्या, काही नखाएवढ्या, तर एखादी बोटभर. यांतली एक फट जराशी कमी झाली की इंजिन जाम होते. दुसरी जराशी वाढली की ठिणगी दुबळी पडते. तिसरी वाढली तर घाट उतरताना ब्रेक वेळेवर लागत नाही. जुन्या मोटारसायकलची देखभाल म्हणजे बहुतांशी या फटींची राखण होय. ती कशी करतात आणि तिच्यामागे कोणते विज्ञान आहे, ते आज पाहू या.

उदाहरणासाठी आपण कोल्हापुरातली जुनी बुलेट घेऊ. शेतीची ऑइल इंजिने, बिडाचे ओतकाम आणि लेथवरचे कातकाम यांसाठी कोल्हापूर प्रसिद्ध आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत ओतशाळा आणि यंत्रशाळा दाटीने उभ्या आहेत. यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि मग स्वतः बनवायचे, ही या गावाची जुनी रीत आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा याच गावात तयार केला. अशा गावात जुन्या फटफट्या टिकून राहाव्यात यात नवल नाही.

बुलेट मूळची इंग्लंडमधली. १९५५ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, ती जोडण्याचे काम सुरू झाले आणि पुढे तिचे सर्व भाग इथेच बनू लागले. इंग्लंडमधले उत्पादन १९७० च्या सुमारास बंद पडले, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. बिडाच्या सिलिंडरचे तिचे जुने इंजिन २०१० च्या सुमारास बनायचे थांबले. त्यानंतरच्या बुलेटचे इंजिन वेगळ्या रचनेचे आहे. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते जुन्या, बिडाच्या इंजिनाला लागू आहे.

३५० पैकी ३४६

या गाडीला 'साडेतीनशेची बुलेट' म्हणतात. म्हणजे काय? इंजिनात एक गोल नळकांडे असते, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि दट्ट्याची धाव ९० मि.मी. आहे. आता भूमितीचे सूत्र वापरा. त्रिज्या ३.५ सें.मी., म्हणून क्षेत्रफळ ३.१४ × ३.५ × ३.५ म्हणजे सुमारे ३८.५ चौरस सें.मी. त्याला ९ ने गुणा. उत्तर येते सुमारे ३४६ घन सेंटिमीटर. हेच ते 'साडेतीनशे'.

दट्ट्याच्या चार धावांत एक चक्र पुरे होते. पहिल्या धावेत पेट्रोल आणि हवा आत ओढली जाते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत ठिणगी पडून स्फोट होतो आणि चौथीत जळका धूर बाहेर टाकला जातो. गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी साठ किलोमीटर धावत असताना इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला पंचवीस स्फोट! एवढी धावपळ ज्या जागेत चालते, तिथल्या फटींचे माप किती काटेकोर असले पाहिजे याची कल्पना यावरून येईल.

पहिली फट : दट्ट्या आणि सिलिंडर

सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, तर दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दट्ट्या हलका हवा, कारण त्याला सेकंदाला शंभर वेळा धाव बदलावी लागते. सिलिंडर मात्र झिजेला टिकणारा हवा. बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात. पेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट. ते स्वतःच थोडेसे वंगणाचे काम करते. म्हणून सिलिंडरला बीड मानवते.

पण दोन धातू आले की प्रसरणाचा प्रश्न आला. तापमान १ अंश सेल्सियस वाढले की बीड आपल्या लांबीच्या दहा लाखांश ११ भागांनी वाढते, तर दट्ट्याचा मिश्रधातू सुमारे २० भागांनी. समजा, दोघेही १०० अंशांनी तापले. ७० मि.मी. व्यासाचा दट्ट्या ०.१४ मि.मी. फुगेल. सिलिंडरचा व्यास मात्र सुमारे ०.०८ मि.मी. वाढेल. फरक ०.०६ मि.मी. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. म्हणजे थंड इंजिनात दट्ट्याभोवती निदान केसाएवढी फट हवीच. प्रत्यक्षात दट्ट्या सिलिंडरपेक्षा अधिक तापतो, म्हणून फट याहून थोडी जास्त ठेवतात.

ही फट फार कमी असेल तर तापलेला दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरतो. यालाच 'इंजिन सीझ झाले' असे म्हणतात. मागचे चाक एकाएकी अडते आणि गाडी घसरते. उलट वर्षानुवर्षे चालून सिलिंडर झिजला की फट वाढते. मग दाबलेली हवा निसटते आणि शक्ती घटते. खालचे तेल वर येऊन जळते आणि निळसर धूर दिसू लागतो. शिवाय दट्ट्या सिलिंडरच्या दोन बाजूंवर जास्त रेटतो, त्यामुळे गोल सिलिंडर हळूहळू लंबगोल होतो.

अशा वेळी सिलिंडर लेथकामाच्या दुकानात नेतात. कारागीर वेगवेगळ्या उंचींवर आणि दोन दिशांनी व्यास मोजतो, मग सिलिंडर आतून कातून पुन्हा नेमका गोल करतो. व्यास वाढल्यामुळे आता ठरावीक मापाने मोठा दट्ट्या बसवावा लागतो. या कामाला 'रिबोअर' म्हणतात. शेवटी दगडी कांड्यांनी सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक तिरकस ओरखडे मुद्दाम काढतात. गुळगुळीत केलेल्या भिंतीवर पुन्हा ओरखडे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्या ओरखड्यांत तेल धरून राहते, म्हणून! रिबोअर केलेली गाडी सुरुवातीला सावकाश चालवायची असते, कारण दट्ट्याची कडी आणि सिलिंडर यांना एकमेकांशी जुळायला वेळ लागतो.

शून्य फट

इंजिनात हवा आत घेण्याची एक झडप आणि धूर बाहेर सोडण्याची दुसरी, अशा दोन झडपा असतात. खालचा कॅम उंच दांड्यांना वर ढकलतो आणि त्या दांड्या झडपा उघडतात. पुष्कळशा इंजिनांत दांडी आणि झडप यांच्या साखळीत थोडी फट ठेवतात. ती नसेल तर तापून लांबलेली दांडी झडपेला पुरते मिटू देत नाही. मग आगीच्या ज्वाळा त्या चिरेतून निसटतात आणि झडपेची कडा जळते.

पण जुन्या बुलेटच्या बाबतीत मिस्त्री म्हणतो, 'इंजिन गार असताना फट शून्य ठेवायची.' हे कसे? कारण तिच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या आहेत. इंजिन तापले की बिडाचा सिलिंडर उंच होतो. बाजूच्या पोकळीतल्या दांड्या सिलिंडरएवढ्या तापत नाहीत, पण प्रत्येक अंशाला त्या बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतात. कमी तापणे आणि जास्त वाढणे यांचा मेळ बसतो. म्हणून थंडपणी शून्य असलेली फट तापल्यावरही झडपेला उघडी धरत नाही.

ही शून्य फट मोजायची कशी? सिलिंडरच्या बुडाशी असलेले छोटे झाकण उघडतात आणि दट्ट्या दाबाच्या धावेत अगदी वर आणतात. मग दांडी दोन बोटांत धरून फिरवतात. ती सहज फिरली पाहिजे, पण खालीवर हलता कामा नये. इथे कोणतेही महागडे उपकरण लागत नाही, शिकलेली बोटे पुरतात. मात्र इंजिन रात्रभर गार झालेले हवे. गरम इंजिनावर केलेली ही तपासणी फसवी ठरते.

ठिणगीच्या दोन फटी

जुन्या बुलेटमध्ये ठिणगीसाठी 'पॉइंट' असतात. हे म्हणजे उघडमीट करणारे एक लहानसे बटणच. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो आणि क्षेत्र कोसळते. फॅरडेच्या नियमाप्रमाणे, क्षेत्र जितक्या झटक्यात बदलेल तितका विद्युत्दाब जास्त. कॉइलमधल्या बारीक तारेचे वेढे हजारो असल्यामुळे तिच्यात दहा हजारांहून अधिक व्होल्ट उत्पन्न होतात आणि प्लगमध्ये ठिणगी उडते.

पॉइंट पुरते उघडले असता त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवतात. ती कमी असेल तर प्रवाह झटक्यात तुटत नाही. पॉइंटांमध्येच बारीक ठिणग्या उडून त्यांची तोंडे जळतात. ती जास्त असेल तर पॉइंट फार थोडा वेळ मिटलेले राहतात, कॉइलमध्ये पुरेसा प्रवाह साठत नाही आणि वेगात असताना ठिणगी दुबळी पडते. शिवाय फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगीची वेळही सरकते. एक फट बदलली की दोन गोष्टी बदलतात, हे लक्षात ठेवा. म्हणून आधी फट लावायची आणि मग वेळ तपासायची, असा क्रम असतो.

दुसरी फट प्लगची. ती ०.५ ते ०.६ मि.मी. असते. या फटी 'फीलर गेज' नावाच्या साधनाने मोजतात. हा पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो आणि प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. योग्य पट्टी फटीतून जाताना किंचित ओढ जाणवली पाहिजे.

उघड्या हवेत १ मि.मी. फट ओलांडण्यासाठी सुमारे ३००० व्होल्ट लागतात. पण सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. म्हणूनच बाहेर काढून पाहिल्यावर ठिणगी देणारा प्लग आत बसवल्यावर कधी कधी दगा देतो. 'बाहेर चालतो म्हणजे चांगला आहे' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. प्रयोग ज्या परिस्थितीत केला तिच्यापुरतेच त्याचे उत्तर खरे असते, हा धडा प्रयोगशाळेबाहेरही उपयोगी पडतो.

काटा काय सांगतो?

जुन्या बुलेटच्या दिव्याजवळ एक ॲमीटर असतो. त्याचा एक गमतीचा उपयोग आहे. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबत नेली की पॉइंट मिटलेले असताना काटा उणे बाजूला झुकतो, कारण बॅटरीतून प्रवाह जात असतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. आणि पॉइंट उघडतात केव्हा? दाबाच्या धावेत दट्ट्या माथ्यापासून एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर असतो तेव्हा! म्हणजे बंद इंजिनाच्या पोटात दट्ट्या कुठे आहे ते काटा बाहेरून सांगतो.

काटा मध्यावर आला की डिकम्प्रेसरची लहान मूठ ओढतात. त्यामुळे सिलिंडरमधली दाबलेली हवा सुटते. दट्ट्या हलकेच माथ्यापलीकडे नेतात, मूठ सोडतात, किक वर येऊ देतात आणि मग एक पूर्ण दणका देतात. आता पुढच्या दाबाच्या धावेपर्यंत सुमारे दीड फेऱ्याची वाट मोकळी असते. तेवढ्यात जड चक्राला गती मिळते आणि तेच दट्ट्याला माथ्यापलीकडे नेते. ही तयारी न करता अर्धवट किक मारली तर दट्ट्या माथा ओलांडण्याआधीच ठिणगी पडते आणि स्फोट त्याला मागे ढकलतो. किक उलटी उसळते. यात घोटा दुखावल्याची उदाहरणे जुन्या बुलेटवाल्यांना नवी नाहीत. बुलेट सुरू करायला दांडगी ताकद लागते हा समज चुकीचा आहे. तिला दट्ट्याची जागा ठाऊक असावी लागते.

तेलाची फट

फिरणारे भाग आणि त्यांचे आधार यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. धातू धातूला टेकू नये यासाठीच त्या फटीची योजना असते. तेल फार पातळ झाले तर थर तुटतो, फार दाट असेल तर थंडीत ते पोचायला उशीर होतो. म्हणून या इंजिनाला २०डब्ल्यू-५० प्रकारचे तेल घालतात. ते थंडीत बेताचे वाहते आणि उष्णतेत पुरेसे दाट राहते. चालून चालून तेलात काजळी आणि धातूचे कण मिसळतात. ते कण तेलाच्या थराहून जाड झाले की कानसेसारखे काम करतात. तेल व गाळणी वेळेवर बदलणे ही म्हणूनच सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. काढलेले तेल गटारात किंवा शेतात ओतू नका. ते जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

पन्हाळा उतरताना

पन्हाळा कोल्हापूरच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. गाडी आणि स्वार मिळून २४० किलोग्रॅम वजन धरू. वरून खाली येताना स्थितिज ऊर्जा किती घटेल? २४० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे ९ लाख ४० हजार ज्यूल. २५ अंशांवरचे तीन लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढी उष्णता पुरते! हवेचा विरोध यातला काही वाटा उचलतो. खालचा गिअर ठेवला तर इंजिनही मोठा वाटा उचलते. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडून उतरलो तर उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते.

आता इथली फट पाहा. ड्रम हे चाकातले पोकळ कडे असते आणि ब्रेकचे बूट आतून त्याला टेकतात. १५० मि.मी. व्यासाचा बिडाचा ड्रम १५० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.२५ मि.मी. वाढतो. म्हणजे ड्रम बुटांपासून दूर सरकतो. ही फट दिसायला क्षुल्लक, पण तरफांमुळे पॅडलवर ती कितीतरी पटींनी मोठी होते. त्यातच तापलेल्या अस्तराचे घर्षण कमी होते. गावात ठीक वाटणारा ढिला ब्रेक घाटाच्या शेवटच्या वळणावर अपुरा पडतो तो यामुळे. म्हणून घाटात जाण्यापूर्वी ब्रेक तपासायचा. चाक अधांतरी ठेवून, बूट घासू लागेपर्यंत नट आवळायचा आणि चाक मोकळे फिरेल इतकाच मागे सोडायचा.

आणखी दोन गोष्टी. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस घाबरल्यावर नेमका उजवा पाय दाबतो, म्हणून अशी गाडी आधी मोकळ्या मैदानावर चालवून सवय करावी लागते. दुसरे म्हणजे, जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ती फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

मागच्या चेनलाही ढिलाई हवी. मधोमध ती सुमारे २५ मि.मी. खालीवर हलली पाहिजे. खड्ड्यात चाक वर-खाली झाले की दोन दातेरी चक्रांमधले अंतर बदलते. ताठ चेन तेव्हा बेअरिंगवर ताण देते, फार सैल चेन चक्रावरून उतरते.

रोगनिदान

गाडी सुरू होत नसेल तर चांगला मिस्त्री लगेच पान्हा उचलत नाही. तो तीन प्रश्न विचारतो : ठिणगी आहे का? पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात येते का? दाब धरतो का? या तिन्हींशिवाय इंजिन चालूच शकत नाही.

प्लग काढला की त्याचा रंग बरेच सांगून जातो. फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे. तेलकट काळा असेल तर तेल वर येते आहे, म्हणजे आपली पहिली फट वाढली आहे. पांढराफटक असेल तर हवा जास्त होऊन इंजिन भलते तापते आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. हवेची गाळणी धुळीने तुंबली की हे प्रमाण बिघडते. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीची गाळणी म्हणूनच वारंवार साफ करावी लागते.

यातला मुख्य नियम असा : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग पाहा. प्लग, कॉइल आणि कार्बुरेटर एकदमच बदलले तर गाडी कदाचित सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही. पैसे तिप्पट जातील आणि पुढच्या वेळी आपण तितकेच अनभिज्ञ असू. शाळेतल्या प्रयोगात आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो, तीच ही पद्धत.

करून पाहा

गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. पण यंत्र समजून घ्यायला वयाची अट नाही. पुढील गोष्टी वडीलधाऱ्यांच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. इंजिन गार असू द्या आणि जवळ पेट्रोल उघडे ठेवू नका.

१. जुना प्लग आणि फीलर गेज घेऊन फट मोजा. मग एका केसाची जाडी स्क्रू गेजने मोजा आणि दोन्हींची तुलना करा.

२. घरच्या मोटारसायकलच्या पुस्तिकेतून सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव शोधा आणि घनफळ काढा. सिलिंडर दोन असतील तर दुप्पट करायला विसरू नका.

३. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना, गाडी मुख्य स्टँडवर घेऊन चेनची ढिलाई पट्टीने मोजा. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी मोजा. चारही मापे सारखी येतात का? आली नाहीत तर चेन सर्व बाजूंनी सारखी झिजलेली नाही असे समजा. सर्वांत ताठ जागेचे माप प्रमाण मानायचे.

४. तुमच्या गावाजवळच्या घाटाची उंची नकाशातून काढा आणि तो उतरताना ब्रेकवर जास्तीत जास्त किती उष्णता पडेल याचा हिशेब करा.

जुन्या बुलेटची एक सोय अशी, की तिच्या बहुतेक फटी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात आणि हातांनी लावता येतात. नव्या गाड्यांत पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक मंडलाने आणि कार्बुरेटरची जागा इंधन-फवारणीने घेतली आहे. त्या अधिक स्वच्छ जळतात आणि त्यांना देखभालही कमी लागते. पण दट्ट्याभोवतीची केसाएवढी फट, तेलाचा थर आणि ब्रेकची फट त्यांच्यातही आहेतच. जुन्या गाडीवर हे शिकलेला कारागीर नव्या गाडीपुढे अडत नाही. तुमच्या गल्लीत असा एखादा मिस्त्री असेल, तर त्याच्या कामात व्यत्यय न आणता एखादा तास शेजारी उभे राहा आणि तो प्रत्येक फट कशाने मोजतो एवढेच वहीत टिपा. पट्टीने, बोटाने, की कानाने?